आई-बाबांना इंग्लंडचं जंगल दाखवायचंय? जागेआधी तारीख ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं लंडनच्या पश्चिमेला स्लाउला राहता, आई-बाबा एप्रिलच्या मध्याला नाशिकहून येतायत आणि जूनअखेर परत जाणार. बाबांनी ताडोबा, नागझिरा, मेळघाट सगळं पालथं घातलंय. आईंचे गुडघे कुरकुर करतात. राजवाडे आणि म्युझियमं होतीलच, पण दोघांना ‘इथलं खरं जंगल’ बघायचंय. अडचण अशी की गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी तुम्ही स्वतः एका जंगलात जाऊन आलात आणि चिखल नि काळी खोडं यांपलीकडे काही दिसलं नाही. म्हणून विचारताय की जंगल कुठलं निवडायचं, परवानगी लागते का, आणि प्राणी दिसतील का.

मी दक्षिण इंग्लंडात बरीच वर्षं राहतोय. हिवाळ्यात एका निसर्गसंस्थेच्या वनात स्वयंसेवक म्हणून झाडं तोडायला जातो (हो, तोडायलाच, त्याबद्दल पुढे लिहितो) आणि वसंतात लोकांना घेऊन फिरतो. भारतातून आलेले आई-वडील त्यांत नेहमीच असतात. त्यावरून सांगतो, कुठलं जंगल हा प्रश्न दुय्यम आहे. इथलं पानझडी वन दर आठवड्याला बदलतं. आठवडा चुकला तर नावाजलेलं जंगलही तुम्हाला नोव्हेंबरातल्यासारखंच रिकामं वाटेल, आणि आठवडा साधला तर घराजवळचं लहानसं वनही पुरेल.

बाबांना हे पटायला वेळ लागणार नाही, कारण पानझडी जंगल त्यांना नवं नाही. आपल्याकडे साग, पळस, मोह पानं टाकतात ती पाणी संपत आल्यामुळे. जंगल उघडं पडतं, पाणवठे आटतात, म्हणून एप्रिल-मे हा साइटिंगचा, म्हणजे प्राणी दिसण्याचा मोसम. इथे पानं गळतात ती थंडीमुळे आणि दिवस लहान झाल्यामुळे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि नवी पालवी येते ती एप्रिल सरताना. म्हणजे मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत असे काही आठवडे मिळतात की जमिनीला ऊब आलीय, दिवस मोठा झालाय, पण डोक्यावर पानांचं छप्पर अजून नाही. जमिनीलगतच्या झाडांचा वर्षाचा सगळा संसार तेवढ्यात उरकतो. त्याआधी, फेब्रुवारीतच, हेझलचे पिवळे लोंबते तुरे येऊन जातात. मार्चमध्ये प्रिमरोज, महिना संपता संपता पांढरा वुड ॲनिमोन, एप्रिलच्या उत्तरार्धात निळ्या फुलांचे ब्लूबेल आणि रानलसूण. मेच्या मध्यानंतर वरचं छप्पर मिटतं, खाली अंधारतं, आणि ब्लूबेलची पानं पिवळी पडून मातीला मिळतात. जूनमध्ये त्याच जागी उभं राहिलं तर महिन्यापूर्वी इथली जमीन निळी होती हे सांगूनही खरं वाटत नाही.

तेव्हा आई-बाबा अगदी मोक्याला येतायत. लंडनच्या आसपास ब्लूबेलचा भर साधारण 20 एप्रिल ते 10 मे या दरम्यान कधीतरी असतो. याहून नेमकी तारीख मी देणार नाही, आणि कोणी दिली तर ती धरून बसू नका. वसंत उबदार असेल तर सगळं आठ-दहा दिवस अलीकडे सरकतं, थंड असेल तर पलीकडे जातं. दक्षिणेकडच्या उतारावर आधी, उत्तरेकडच्या उतारावर नंतर. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांतल्या तारखांवर तर मुळीच विसंबू नका. ऑक्सफर्डजवळच्या वायटम वुड्समध्ये 1947 पासून ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या घरट्यांच्या नोंदी ठेवल्या जातात. ओकला पालवी फुटते, ती खायला पतंगांच्या अळ्या येतात, आणि त्या अळ्यांवर पिल्लं वाढतात. त्यामुळे अंडी घालायची वेळ पालवीशी बांधलेली असते. सुरुवातीच्या दशकांच्या तुलनेत हे पक्षी आता सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालतात. फुलंही तशीच पुढे सरकलीत.

मी काय करतो ते सांगतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जवळच्या वनात एक चक्कर मारतो आणि बीच या झाडाच्या कळ्या बघतो. बीचची कळी बोटाच्या पेराएवढी, सडपातळ, टोकदार आणि तपकिरी असते. इतर झाडांशी सहसा गल्लत होत नाही. ती सुटते तेव्हा आतून घड्याघड्यांचं, पोपटी रंगाचं, इतकं पातळ पान निघतं की ऊन त्यातून आरपार जातं. कडेला बारीक रुपेरी लव असते, बोट फिरवलं की कळते. ही पानं बाहेर यायला लागली की ब्लूबेलचा भर आलाच समजायचा. त्या पाच-सात दिवसांत वर पोपटी आणि खाली निळं असं दोन्ही एकदम मिळतं. ॲशच्या काळ्या कुळकुळीत कळ्यांकडे बघून निर्णय घेऊ नका, ते झाड सगळ्यांत शेवटी जागं होतं.

आता जागा. स्लाउहून तुम्हाला दोन प्रकारच्या फेऱ्या करता येतील आणि त्या वेगवेगळ्याच ठेवा.

पहिली बर्नहॅम बीचेसची. गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, 220 हेक्टरच्या आसपासचं वन. 1880 साली लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने लोकांना फिरायला म्हणून ते विकत घेतलं आणि आजही त्यांच्याच ताब्यात आहे. तिथे ब्लूबेलसाठी जाऊ नका, तिथे झाडांसाठी जायचं. कित्येक शतकांची बीच आणि ओकची झाडं आहेत: बुंधे बुटके, पोकळ, गाठाळलेले, आणि त्यांतून वर जाड जाड फांद्यांचा झुबका. ड्रुइड्स ओक नावाचा ओक तर आठशे वर्षांचा मानतात. आईंच्या दृष्टीने मोठी सोय म्हणजे आत डांबरी रस्ते आहेत आणि बऱ्याच भागात गाड्यांना बंदी आहे. कॅफे आहे, स्वच्छतागृह आहे. ही फेरी आई-बाबा आल्यावर पहिल्या आठवड्यात, झाडं अजून उघडी असताना करा. तेव्हा फांद्यांचा आकार नीट दिसतो.

दुसरी फेरी ब्लूबेलची, आणि ती चिल्टर्न टेकड्यांत. त्या भागात बीचची वनं भरपूर आहेत. सगळे जण ॲशरिजच्या डॉकी वुडचं नाव सांगतील. सुंदर आहे, वादच नाही. पण भराच्या दिवसांत तिथे प्रवेशाला पैसे पडतात, आखलेल्या वाटेने रांगेत चालावं लागतं, आणि शनिवार-रविवारी पार्किंगमध्येच अर्धा उत्साह संपतो. मला विचाराल तर चिल्टर्न्समधलं एखादं बिननावाचं वन आणि मंगळवारची सकाळ. तुमच्यापैकी एकाला एक दिवस सुट्टी काढावी लागेल, पण ती वसूल होते. गाडी नसेल त्या दिवशी एपिंग फॉरेस्टही धरता येईल. लंडन मेट्रोच्या सेंट्रल लाइनने लॉटनला उतरलं की चालत वनाच्या कडेला पोचता. मात्र तिथली शान हॉर्नबीम आणि बीच या झाडांची, फुलांची नव्हे.

एका गोष्टीची कल्पना आई-बाबांना आधीच द्या. इथलं ‘जंगल’ लहान असतं. इंग्लंडची जेमतेम दहा टक्के जमीन झाडांखाली आहे. आणि 1600 सालापासून अखंड वन असलेली जी जमीन, जिला इथे प्राचीन वन म्हणतात, ती अख्ख्या ब्रिटनच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. अशी बरीचशी वनं अर्ध्या तासात आरपार चालून जाता येतील एवढीच असतात. मोटरवेचा आवाज मागे चालू असतो. मेळघाट बघितलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत ‘हे जंगल?’ असं म्हणतोच. त्यांना म्हणू द्या. मग त्यांना वनाच्या कडेचा बांध दाखवा. बऱ्याच जुन्या वनांभोवती मातीचा रुंद, झिजलेला बांध आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चर असतो. शेताचा बांध ओळखणाऱ्या माणसाला तो लगेच दिसतो. चर बाहेर का? तर गुरं बाहेरून आत येऊ नयेत म्हणून. आत नुकते फुटवे आलेले असायचे आणि गुरांनी ते खाल्ले तर पुढच्या सात-आठ वर्षांचं लाकूड गेलं. मध्ययुगातल्या लोकांनी फावड्याने खणलेला बांध आजही सीमा दाखवतोय.

इथे माझ्या झाडतोडीचा विषय येतो, आणि हा समजला तर बाबांना बाकीचं वन आपोआप उलगडेल. हेझल, ॲश, मेपल ही झाडं जमिनीलगत तोडली तर मरत नाहीत. बुंध्यातून पुन्हा डझनावारी सरळ फुटवे येतात. साग तोडल्यावर येतात तसेच. सात-दहा वर्षांनी ते फुटवे काठ्या, कुडं, कुंपणं, जळण यांसाठी पुन्हा कापायचे. याला इथे कॉपिसिंग म्हणतात. मधून मधून काही ओक मात्र उंच वाढू द्यायचे, घरांच्या तुळयांसाठी. सफकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये हे 1252 पासून चालू असल्याचं सांगतात. एक तुकडा कापला की तिथली जमीन एकदम उजेडात येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात तिथे प्रिमरोज, ॲनिमोन, ब्लूबेल यांचा नुसता पूर येतो. पुढे फुटवे दाट झाले की फुलं पुन्हा शांत होतात, तोवर शेजारचा तुकडा कापलेला असतो. फुलं, फुलपाखरं, डॉरमाउस नावाचा सोनेरी, झुबकेदार शेपटीचा चिमुकला प्राणी, सगळे या फिरत्या उजेडावर शेकडो वर्षं जगत आले. विसाव्या शतकात जळणाची आणि काठ्यांची गरज संपली, कापणी थांबली, वनं अंधारली आणि यांतलं बरंच काही कमी झालं. म्हणून आता आमच्यासारखे लोक जानेवारीच्या थंडीत करवती घेऊन जातात. बाबांना तोडलेल्या हेझलचे ढीग दिसले की ते ‘इथेही जंगलतोड चालते वाटतं’ म्हणतील. तेव्हा त्यांना बुंध्याजवळ वाकून नवे कोंब बघायला सांगा.

बर्नहॅम बीचेसमधली ती बुटकी झाडं याच गोष्टीचा दुसरा प्रकार आहेत. तिथे गुरं चरायची, त्यामुळे जमिनीलगत तोडून चालायचं नाही. म्हणून दोन-तीन मीटर उंचीवर, गुरांचं तोंड पोचणार नाही अशा जागी छाटायचे. कोकणात, मावळात राबासाठी कवळं तोडून तोडून खुंटलेले ऐन तुम्ही पाहिले असतील, तेच रूप. फक्त इथे ही छाटणी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी बंद पडली आणि वरच्या फांद्या स्वतंत्र झाडांएवढ्या जाड झाल्या. लॉटनच्या लोकांचा एपिंगमधल्या फांद्या छाटायचा हक्क 1878 च्या कायद्यानंतर गेला, तेव्हा भरपाईच्या पैशांतून गावात एक सभागृह बांधलं. लॉपिंग हॉल म्हणून ते अजून उभं आहे. गेलात तर बाहेरून बघून या.

बाबांना हातात काही काम हवं असेल तर शिंप्याची फीत द्या. ओकचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजायचा. मोकळ्या जागेत वाढलेल्या ओकचा घेर वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर वाढतो आणि दाट वनात त्याच्या निम्मा. हा ठोकताळा आहे, आणि म्हाताऱ्या, छाटलेल्या झाडांना तो नीट लागू पडत नाही. पण मोकळ्यावरचा साडेपाच मीटर घेराचा ओक पेशवाईत उभा होता हे स्वतः काढलेलं उत्तर लोकांना भलतंच आवडतं.

प्राण्यांबद्दल स्पष्टच सांगतो. साइटिंगची अपेक्षा ठेवून गेलात तर बाबा निराश होतील. लांडगा, अस्वल इथून शतकांपूर्वी संपले. हरणं आहेत, पण पहाटे किंवा तिन्हीसांजेला. त्यांतलं एक मात्र बाबांना ओळखीचं निघेल: कुत्र्यासारखं थांबून थांबून भुंकणारं, पाठ वाकवून चालणारं लहानसं मुंटजॅक. हे आपल्या भेकराचंच चिनी भावंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशरमधल्या वोबर्न इथून सुटून ते दक्षिण इंग्लंडभर पसरलं. वनवाल्यांचा त्याच्यावर राग आहे, कारण ते फुटवे आणि फुलं दोन्ही फस्त करतं. दुसरी ओळख डोक्यावरून ओरडत जाईल. लंडनच्या पश्चिमेला झाडांच्या ढोल्यांत जे हिरवे पोपट राहतात ते आपलेच, लाल चोचीचे आणि नराच्या गळ्यात कंठ असलेले. आईंना इंग्लंडात पोपट दिसल्याचं अप्रूप ओकपेक्षा जास्त वाटेल, असा माझा अंदाज आहे.

खरी मजा कानाला आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्योदय साडेपाचच्या आसपास होतो आणि त्याच्या तासभर आधी पक्षी सुरू होतात. रॉबिन, ब्लॅकबर्ड, साँग थ्रश आधी, मग रेन, ब्लॅककॅप आणि बाकीची मंडळी. सह्याद्रीत शीळकरी कस्तूर ऐकलेल्या माणसाला ब्लॅकबर्डची ती निवांत, जाड शीळ लगेच पकडता येते. पहिले आठ-दहा दिवस आई-बाबांची झोप भारतीय वेळेवरच असते, चार वाजता जाग येतेच. त्याचा फायदा घ्या. एक पहाट, थर्मासमध्ये चहा, वनाच्या कडेला गाडी लावून काचा खाली. आईंना उतरायचीही गरज नाही. मर्लिन नावाचं मोफत ॲप आवाजावरून पक्षी सांगतं. चुकतं कधी कधी, पण सुरुवातीला पुरतं.

परवानगीचं असं आहे. ताडोबासारखं गेट, जिप्सी, बुकिंग यातलं काही नाही. पण याचा अर्थ वाटेल तिथे शिरायचं असाही नाही. 2000 सालच्या कायद्याने डोंगर, माळरानं आणि नोंदलेल्या सामायिक जमिनी चालणाऱ्यांना खुल्या झाल्या, खासगी वनं सरसकट झाली नाहीत. तिथे सार्वजनिक पायवाट जात असेल तर तेवढ्यावरून चालायचा हक्क आहे, मालक कोणीही असो. खांबावरचा पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडा नि सायकलही चालणारी वाट. ऑर्डनन्स सर्व्हेचा केशरी कव्हरचा एक्सप्लोरर नकाशा (1:25,000) घेतलात तर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. वुडलँड ट्रस्ट या संस्थेची वनं साधारणपणे सगळ्यांना मोफत खुली असतात. सुरुवात तिथून केली तर ही कटकटच नाही.

आईंच्या गुडघ्यांसाठी मात्र नकाशा पुरत नाही. शेतांच्या कुंपणांवर स्टाइल म्हणून लाकडी पायऱ्या असतात, त्यांवर चढून पाय पलीकडे टाकावा लागतो. दुखऱ्या गुडघ्याला आणि साडीला दोन्हीला ते अवघड. म्हणून वाट आधी तुम्ही एकटे चालून या आणि जिथे फाटक आहे तीच निवडा. अंतर दोन किलोमीटरच्या वर नको. तेवढ्याला दोन तास लागू द्या. एप्रिलमध्येही चिकणमातीच्या वाटांवर घसरडं असतं, तेव्हा चप्पल-सँडल नको, पकड असलेले बूट आणि एक काठी. लहान वनांत स्वच्छतागृह नसतं, ही बाब निघायच्या आधीच बघून ठेवा. आणि कुत्री: इथे लोक ती मोकळी सोडतात. ‘काही करत नाही हो’ असं मालक लांबून ओरडेपर्यंत कुत्रं आईंच्या पदराशी पोचलेलं असतं. भीती वाटत असेल तर तसं मोकळेपणी सांगा, बहुतेक जण लगेच बांधतात. बर्नहॅम बीचेसच्या काही भागात तर कुत्रा बांधूनच न्यायचा नियम आहे.

साप-विंचवाची काळजी सोडा. ॲडर हा एकच विषारी साप आहे आणि तो तुमच्या आधी पळतो. खरी काळजी घ्यायची ती गाईंची आणि गोचिडांची. वनाकडे जाणारी वाट कुरणातून जात असेल आणि गाईंसोबत वासरं असतील तर लांबून वळसा घ्या. आईंना गाय दिसली की हात लावून नमस्कार करावासा वाटेल, तो कुंपणापलीकडून करायला सांगा. वारा जोरात असेल त्या दिवशी जुन्या बीचखाली थांबू नका, फांद्या न सांगता कोसळतात. ॲशची वठलेली झाडं दिसली तर तीही टाळा. 2012 पासून इथे बुरशीच्या रोगाने ती मरतायत, आणि वाटेकडेची झाडं कापलेली दिसतात त्याचं कारण बरेचदा तेच असतं.

गोचिडांबद्दल थोडं सविस्तर, कारण पाहुण्यांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास सुटते. वसंतापासून शरदापर्यंत गवतात आणि नेच्यांत खसखशीच्या दाण्याएवढ्या गोचिडी असतात आणि त्यांतल्या काहींमुळे लाइम हा आजार होतो. पूर्ण पँट, ती मोज्यांत खोचलेली, आणि वाटेच्या मधून चालणं एवढ्याने बराच धोका टळतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, केसांच्या कडेला बघायचं. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, रॉकेल, पेटती काडी यातलं काही नको. पुढच्या काही आठवड्यांत चावलेल्या जागी हळूहळू मोठा होत जाणारा लाल चट्टा आला किंवा ताप, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टर गाठायचा. सुटणारी गोष्ट ही, की तोवर आई-बाबा नाशिकला पोचलेले असू शकतात आणि तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात लाइम चटकन येणार नाही. तेव्हा ‘इंग्लंडात जंगलात फिरलो होतो, गोचीड चावली होती’ हे वाक्य त्यांनी स्वतःहून सांगायला हवं. चावल्याची तारीख फोनमध्ये लिहून ठेवा.

फुलांबद्दल एवढंच की वाट सोडून आत जाऊ नका, फोटोसाठीसुद्धा. ब्लूबेलचं पान तुडवलं गेलं की कंदात अन्न साठत नाही आणि ती जागा पुढची कित्येक वर्षं ओकीबोकी राहते. बी पडल्यापासून फूल यायलाच पाच वर्षांच्या आसपास लागतात. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कंद उपटणं 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या बागेत जे ब्लूबेल येतात ते बहुधा स्पॅनिश किंवा मिश्र जातीचे असतील: दांडा ताठ, फुलं चारी बाजूंनी, आत निळसर पराग. वनातल्या देशी ब्लूबेलचा दांडा टोकाला वाकतो, फुलं एकाच बाजूला झुकतात, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली आणि पराग सायीच्या रंगाचे. हा फरक एकदा दाखवलात की पुढे आईच दुसऱ्यांना दाखवतील.

रानलसणाचा वास आला की आई चटणीचं बोलणारच. घरच्यापुरती चार पानं खुडायला कायद्याची आडकाठी नसते, पण राखीव वनांचे आपापले नियम असतात आणि बर्नहॅम, एपिंगमध्ये काहीच न खुडणं बरं. शिवाय त्याच गर्दीत लॉर्ड्स-अँड-लेडीज नावाच्या विषारी झाडाची कोवळी पानं उगवतात. चुरडून वास घ्यायची युक्ती पहिल्या पानापुरतीच चालते, नंतर बोटांनाच लसणाचा वास लागलेला असतो. त्यामुळे एकेक पान बघून घ्या, मूठभर ओरबाडू नका. अळंब्यांना तर हातच नको. ओक-बीचखाली उगवणारी डेथ कॅप दिसायला साधीभोळी असते आणि जीव घेते.

जूनसाठी वेगळा बेत करू नका. एप्रिलअखेरीस ज्या वनात गेलात त्याच वनात, त्याच जागी पुन्हा जा. सूर्यास्त सव्वानऊच्या आसपास असतो, तेव्हा तुमच्या ऑफिसनंतरही संध्याकाळ हाताशी राहते. पक्षी बरेच गप्प झालेले असतील, बीचखाली दुपारीही काळोख असेल, उजेडाच्या जागी फॉक्सग्लव्हचे जांभळे दांडे उभे असतील. बाबांनी एप्रिलमध्ये काढलेला फोटो फोनवर उघडून समोर धरला की दोघांनाही फरक बघायला मिळेल. आणि तुम्हा दोघांसाठी: नोव्हेंबरात गेलात तिथेच या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस जा. बीचला तांबूस-सोनेरी रंग चढतो तो तेव्हा, आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात बराचसा उतरतो. अंधार लवकर पडतो, तेव्हा सकाळीच निघा.

आईंना चढ कितपत जमतो आणि सलग किती वेळ चालवतं ते लिहा. त्यावरून चिल्टर्न्समधली एखादी सपाट वाट सुचवतो.